निळा आला

मला वाचवलं ते अंकलनी. हे आधी सांगते, काय झालं ते मग. कारण ते सांगताना अजून भीती वाटते, आणि घाबरलं की माणूस उपकार विसरतो.

अंकल म्हणजे आमच्या सेक्टरमधल्या चर्चचं दार उघडणारे, मेणबत्त्या लावणारे वसईकडचे म्हातारे. मी तिथे झाडलोट करते. माझं गाव खटावकडचं. नवरा न्हावा शेव्याला कंटेनरची गाडी चालवतो, लेक गावी माझ्या आईजवळ. रोज सकाळी अंकल बाकांमधल्या वाटेत तळहात पुढे धरून उभे राहायचे. रंगीत खिडकीतून ऊन हातावर पडलं की म्हणायचे, "निळा आला. आठ वाजले." समोर भिंतीवर घड्याळ, पण तिकडे कधी बघायचे नाहीत. मला हसू यायचं. तुम्हालाही आलं असतं.

एकदा मी म्हटलं, "अंकल, या चित्रांतलं मला काय कळणार? मी सातवीतून शाळा सोडलेली."

"अगं, तुझ्यासाठीच तर आहेत ती! ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी काचेवर लिहिलं. खालून वर वाचायचं. खाली माणसं, वर देव." मग मरियामातेच्या खिडकीकडे हात केला. "ऊन काचेतून आत येतं, काच फुटते का? तसा देव हिच्या पोटी आला."

ते मला एवढं पटलं की ती खिडकी मी जरा जास्तच पुसायला लागले. तिथेच घात झाला.

मातेचा सण चार दिवसांवर आलेला. तिच्या गालावर बुरशीचा काळा डाग, फडक्यानं निघेना. मी संडासचं ॲसिड घेतलं, तारेची घासणी घेतली. डाग निघाला. गालाचा रंग निघाला. डोळेही निघाले.

शिडीवरूनच घासणी खाली टाकली. देवाचे डोळे पुसले मी! पहिले आठवले ते माझ्या लेकीचे डोळे. तिथूनच गावी फोन लावला.

"आई, पोरीला दिसतंय ना नीट?"

"टीव्ही बघतेय की. का गं, काय झालं?"

मी फोन ठेवला. काम जाणार हे तर ठरलेलंच. पिशवी उचलली. कळंबोलीला जाऊन साताऱ्याची गाडी धरायची, बस.

दारात अंकल. "साताऱ्याची, कुठे निघालीस?"

रडत सगळं सांगितलं. त्यांनी वर बघितलंच नाही. खिडकीखाली जाऊन तळहात धरला. "निळा आहे की."

"अंकल, डोळे गेलेत!"

"ऐकलं. चल फादरकडे."

"नको ओ, काढून टाकतील मला."

"आणि पळालीस तर माता म्हणेल, डोळे पुसलेस ते पुसलेस, वर तोंड पण दाखवत नाहीस."

फादरसमोर ते म्हणाले, "मातेचे डोळे गेले, फादर. घासले हिनं. पण तो रंग कच्चा आहे हे मला माहीत होतं आणि मी हिला सांगितलं नाही. काढायचं तर दोघांना काढा."

फादरनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "पेंटर सणानंतरच मिळेल. आणि बाई, ॲसिडला परत हात लावायचा नाही."

सणाच्या मिस्साला, म्हणजे मोठ्या प्रार्थनेला, मी खांबामागे उभी. आता कोणी वर बघेल, आता बोट दाखवेल. आठ वाजता ऊन आलं, आणि जिथे डोळे होते तिथूनच सगळ्यात जास्त उजेड आत पडला. माझी मान आपोआप खाली गेली.

सगळे गेल्यावर अंकल हळूच म्हणाले, "मला तरी ते डोळे कुठे दिसत होते? दोन वर्षं झाली, नुसते रंग कळतात. फादरना बोलू नकोस हं, मला घरी पाठवतील."

म्हणजे "दोघांना काढा" म्हणताना त्यांचं स्वतःचंच काम टांगणीला लागलेलं होतं!

पेंटरनं नवे डोळे काढले. जरा तिरके झालेत. बादली घेऊन कुठेही जा, माझ्यावरच नजर. अंकलना पुढे रंगही कळेनासे झाले. त्यांची लेक येऊन त्यांना वसईला घेऊन गेली. आता दार मी उघडते. भीती गेलेली नाही. मातेकडे बघायच्या आधी मी रोज वाटेत उभी राहून हात पुढे धरते.

अंकल, एक दिवस मी वसईला येणार आणि तुम्हाला धरून इथे आणणार. तुम्ही फक्त तळहात पुढे करा. ऊन त्यावर पडलं की मी सांगेन, निळा आला.