टीव्ही कडा खातो

महेशच्या लग्नात मी होते. अक्षता टाकल्या, पंगतीत वाढलं, वरातीत चप्पल तुटली तरी शेवटपर्यंत चालले. तरी घरातल्या एकाही माणसानं माझं खरं धरलं नाही. माणसापेक्षा टीव्ही खरा!

हे कळायचं तर आधीचे किस्से सांगावे लागतील. आमच्या घरात किस्से दारामागच्या जुन्या चपलांसारखे साठतात. वापरातनं गेल्या तरी कुणी फेकत नाही, आणि एक ओढायला गेलं की सगळा ढीग अंगावर येतो.

मी नामदेवची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासनं अणदूरला भावाच्या घरी. शाळा चौथीपर्यंत, पण "तोंड पार कॉलेजात जाऊन आलंय," असं माझी भावजय शोभा म्हणते. महेश हा त्यांचा एकुलता एक. भिंतीपलीकडं कुसुम राहते, आमच्या चुलत भावाची बायको. तीही माझ्यासारखीच बिननवऱ्याची. भाकरी थापायला आमच्या चुलीवर, खायला तिच्या घरी.

*

महेश पुण्याहून आला तो एक काळा डबा घेऊन. विटेपेक्षा थोडा मोठा. म्हणाला, "आत्या, हा कॉम्प्युटर. ह्याला पडदा न्हाय. आपला टीव्ही हाच ह्याचा पडदा."

वायर जोडली, बटण दाबलं आणि हा गडी मित्राला भेटायला स्टँडवर गेला. टीव्हीवर अक्षरं आली, 'नो सिग्नल'.

नामदेवला एवढं इंग्रजी येतं. सिग्नल नाही म्हणजे डिशची छत्री हलली! चढला पत्र्यावर. छत्री सोलापूरकडं फिरवली, तुळजापूरकडं फिरवली. वरनं हा ओरडतोय, "आला का?" खालनं आम्ही सगळ्याजणी, "न्हाय!" अर्धी गल्ली गोळा झाली. पत्रा तापलेला, नामदेव एका पायावरनं दुसऱ्या पायावर नाचतोय.

महेश आला, कपाळाला हात लावला. "आप्पा, खाली उतरा! वायर एका भोकात हाय आन टीव्ही बघतोय दुसऱ्या भोकात. छत्रीचा काय संबंध?" रिमोटचं एक बटण दाबलं, चित्र हजर.

तर नामदेव घाम पुसत म्हणतो कसा, "ते ठीक हाय. पण छत्री वानरांनीच हलवली व्हती."

आमच्या घरात बिघाड सापडला तरी भागत नाही. गुन्हेगार वेगळा लागतो!

*

त्या डब्याची एक खोड होती. आधी टीव्ही लावायचा, मग डबा. उलटं केलं की पडदा काळा ठिक्कर. आवाज येतोय, गाणं चालू आहे, चित्राचा पत्ता नाही. महेशनं कारण सांगितलं होतं, डबा उठला की समोर टीव्ही जागा पाहिजे, न्हायतर तो चित्र पाठवतच न्हाय. शोभा म्हणाली, "बरोबर हाय की! आधी मोठ्याला उठवायचं."

एक दिवस मॅचच्या घाईत नामदेवनं आधी डबा लावला. पडदा काळा. नेमकी त्याच वेळी कुसुम चटणीची वाटी घेऊन आत आली.

शोभा वळली. "तू आलीस आन गेलं बघ चित्र!"

"वैनी, म्या तर चटणी द्यायला आले."

"तेच म्हणते म्या!"

महेशनं दोन्ही बंद करून नीट क्रमानं लावलं, चित्र आलं. पण त्या दिवसापासनं कुसुम चित्र येईपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबायला लागली. टीव्ही लागल्याचा आवाज आला तरी आधी विचारायची, "आलं का वो चित्र? येऊ का आत?"

मी एकदा म्हणाले, "ये गं सरळ! टीव्ही काय देव हाय?"

ती म्हणाली, "आक्का, देवाच्या दारात बी आमी कडंलाच थांबतो की."

*

मग महेशचं लग्न झालं. सून आली ती अश्विनी, उमरग्याची. बोलायला कमी, बघायला तेज.

अक्षतांच्या वेळी मी नवरदेवाच्या मागं उभी राहिले होते. हातानं वाढवलेलं पोरगं, दुसरीकडं कुठं उभी राहणार? शोभानं दंडाला धरलं. "आक्का, मागं नगा. कडंला थांबा." मी डाव्या कडंला. कुसुम आधीच उजव्या कडंला जाऊन उभी, तिला सांगावंही लागलं नाही. दोन्ही कडांना दोघी, मधी लग्न.

मी तिथंच तोंड सोडलं, "शोभा, पोरगं तू जन्माला घातलंस, न्हाऊ-माखू म्या घातलंय!" चार पाहुण्यांनी ऐकलं. ते शोभानं कधी पचवलं नाही.

पुढं शूटिंग आलं. महेशनं डब्यात घातलं, आम्ही सगळे टीव्हीपुढं बसलो आणि बघतो तर काय, सगळं लग्न पिवळं! नवरा पिवळा, नवरी पिवळी, भटजीचं धोतर पिवळं, मांडवामागचं आभाळसुद्धा पिवळं!

नामदेवनं टोपी काढून हात जोडले. "खंडोबानं भंडारा उधळला! देव सोता लग्नाला आलता!"

आमच्या गावात खंडोबा, त्यामुळं शंका घ्यायची सोयच नव्हती. गल्लीतल्या बायका टीव्हीला हळदकुंकू लावून गेल्या. मी विचारलं, "देव आला तर जेवल्याबिगर कसा गेला?" तर सगळ्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच त्याला उपाशी घालवला.

रविवारी महेशनं वायर उपसली. तोंडाशी बारीक काट्या असतात, त्यातली एक वाकली होती. म्हणाला, "निळा रंग ह्या काटीतनं येतो. निळा गेला की सगळं पिवळं."

काटी सरळ करताना मोडली, ती वायरच गेली. पण त्या दिवशीच्या पिवळ्या लग्नात डाव्या कडंला मी दिसले होते. माझ्या डोळ्यांनी बघितलं, कुसुमनं बघितलं. बाकीचे सगळे देव बघत होते.

पिवळी का होईना, मी होते!

*

महेशनं उमरग्याहून नवी वायर आणली. चपट्या तोंडाची, भारीतली. चित्र असं स्वच्छ की शोभाला स्वतःच्या हनुवटीवरचा केस दिसला. सगळे खूश.

फक्त पिक्चर बंद करायला गेलं की फुली सापडेना. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक फुली असते, बाण तिच्यावर नेऊन दाबायचं. बाण वर जायचा, कोपऱ्यात शिरायचा आणि गडप! खालची पट्टी गायब, घड्याळ गायब.

नामदेव तो माऊस, म्हणजे उंदीर, घासत बसायचा. "गेला! बाण घराबाहेर गेला!" शेवटी उठायचा आणि प्लगच उपसायचा.

महेशला विचारलं तर म्हणाला, "फुली हाय तिथंच. टीव्ही कडा खातो. ह्या वायरनं जोडलं की चित्र थोडं फुगवून दाखवतो, कडा बाहेर जातात. बघतो कवातरी."

बघतो कवातरी! ते कवातरी आलं नाही.

*

अश्विनीला सातवा लागला होता. सोलापूरला नेलं तिला. परत आणलं तेव्हा पोट रिकामं आणि मांडीही रिकामी. दूध आलं, बाळ नाही. दूध आटावं म्हणून मी कोबीची पानं बांधली तिच्या छातीला. ती रडलीही नाही. टीव्ही बंद होता, तरी त्याच्याकडंच बघत होती.

मग शोभाच्या माहेरच्या बायका आल्या भेटायला. त्यातली एक चहा फुंकत म्हणाली, "लग्नात काय तरी ऱ्हायलं असंल. अक्षता सगळ्यांच्या पडल्या का?"

झालं! शूटिंग लावलं. मयताच्या घरात लग्नाचा बाजा! अश्विनीला आतल्या खोलीत निजवलं होतं, सनईचा आवाज तिच्यापर्यंत जात होता. शोभा एकेक तोंड मोजत होती. मामा टाकतोय. मावशी टाकते. आत्या... आत्या कुठाय?

पुन्हा लावलं. आत्या नाही.

शोभा माझ्याकडं वळली. "रागानं निघून गेलात न्हवं? भांडून?"

"म्या तिथंच व्हते. डाव्या कडंला. तूच उभं केलंस!"

"मग दिसत का न्हाईत?"

"शोभा, फुली तरी कुठं दिसती? ती हाय म्हणतो ना महेश? मग म्या बी हाय!"

त्या माहेरवाल्या हसल्या. चौथी शिकलेली बाई टीव्हीचं शास्त्र सांगते म्हणून. महेश बाहेर अंगणात बसला होता, आत आला नाही. मी हाक मारली, "महेश, सांग की रं! टीव्ही कडा खातो म्हणून सांग!" तो तोंड न वळवता म्हणाला, "आत्या, आता राहू दे."

दुसऱ्या दिवशी नळदुर्गाहून टीव्हीवाला आणला मी, माझ्या शब्दावर. त्यानं मागून ठोकलं, पुढून पुसलं. मी म्हणाले, "कडंची माणसं दिसत न्हाईत." त्यानं लावलं क्रिकेट. "मावशी, सगळे खेळाडू दिसत्यात. सेट झकास हाय. टीव्ही काय माणूस खातो व्हय?"

एकटी कुसुम उठली. उंबऱ्यावरनंच बोलली, आत न येता. "वैनी, आक्कांनी टाकल्या अक्षता. म्या समोरच्या कडंला व्हते. त्यांच्या हातचं चार दाणं माझ्या पायापशी येऊन पडलं."

"तुला कोण विचारतंय?" शोभा म्हणाली. "भाकरी करपतीय बघ."

*

पुढच्या वर्षी अश्विनीला पुन्हा दिवस गेले.

एक दिवस नामदेव माझ्याजवळ येऊन बसला. सुपारी कातरत होता, खात नव्हता. "आक्का, थोडं दिस ईटला जाऊन ये."

ईट म्हणजे माझं सासर. दिराची पोरं मला रस्त्यात ओळखायची नाहीत.

"थोडं म्हणजे किती?"

"शोभा म्हणती, ओटी भरायच्या आत."

"आन परत कवा येऊ?"

त्यानं अडकित्ता मिटला. माझी ट्रंक शोभानं आधीच पडवीत आणून ठेवली होती, वर एक स्टीलचा तांब्या. तेवढं उदार मन!

कुसुमनं माझ्या लुगड्यांच्या घड्या घातल्या. म्हणाली, "आक्का, तुमी गेल्यावर मला आत ये म्हणणारं कोण?"

*

निघायच्या आदल्या दुपारचं आता.

अश्विनी टीव्हीवर पोटुशा बायकांचे व्यायाम बघायची. खाली मराठीत सूचना यायच्या, पण त्यांची निम्मी अक्षरं कडंच्या खाली गेलेली. 'श्वास' दिसायचं, पुढं घ्यायचा की सोडायचा ते दिसायचं नाही. त्या दिवशी तिला राग आला. रिमोट घेतला आणि एकेक बटण दाबत बसली. चित्राच्या यादीत गेली, आकाराच्या यादीत गेली, एक ओळ निवडली.

चित्र आकसल्यासारखं झालं, आणि चारी कडा उघडल्या! खाली पट्टी, घड्याळ, वर कोपऱ्यात फुली. केवढीशी ती फुली! मी दारात उभी होते.

अश्विनीनं माझ्याकडं बघितलं. मग पडवीतल्या ट्रंकेकडं. तिनं व्यायाम बंद केला आणि लग्नाचं शूटिंग लावलं.

"आत्याबाई, इथं बसा," ती म्हणाली. मग सासू-सासऱ्यांना हाक मारली, "मामंजी! आत्ती! बाहेर या. सगळे या."

नामदेव आला. महेश आला. शोभा हात पुसत आली. आत कुसुम भाकरी थापत होती, तो आवाज चालू होता.

शेवटचं मंगलाष्टक, बाजा, आणि डाव्या कडंला मी! निळ्या लुगड्यात, हात उचललेला, मुठीतनं अक्षता सुटतायत. अश्विनीनं तिथंच चित्र थांबवलं. दाणे हवेत.

"आत्या..." महेश म्हणाला.

नामदेव उठला, पडवीत गेला आणि माझी ट्रंक स्वतः उचलून आत आणली. मी वर्षभर जे बोलायचं ठरवून ठेवलं होतं ते सगळं ओठावर आलं. भलामोठा ढीग! पहिला शब्द काढणार, एवढ्यात बघते तर शोभाचं माझ्याकडं लक्षच नव्हतं.

ती टीव्हीच्या अगदी जवळ गेली होती. उजवीकडं. तिकडचीही कड उघडली होती. तिथं एक बाई उभी, मान खाली, अक्षता पडत असतानाही दोन्ही हात पदराच्या आत.

शोभानं पडद्यावर बोट टेकवलं.

आत भाकरीचा आवाज थांबला.

"नाट लावणाऱ्या आक्का न्हवत्याच," शोभा म्हणाली. "कुसुम."