त्या दिवशीचा खरा रंग

व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल सोडून चाळीस वर्षं झाली, तरी आमच्या ओहायोतल्या गावात व्हर्न ह्रुस्काला अजून सगळे 'क्वार्टरबॅक' म्हणूनच हाक मारतात. दोन्ही गुडघे बदललेत, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. दोन वर्षांपासून तो खेळाच्या आठवणी लिहितोय. पेन्सिलीनं, पिवळ्या कागदांवर. आठ प्रकरणं भराभर झाली. नवव्यापाशी तो अडला.

नववं प्रकरण एका चेंडूचं होतं. प्रत्येक चाल सुरू होताना क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सांगून चेंडू फेकणारा खेळाडू, रंगांची नावं ओरडतो. त्यातला एकच रंग खरा. तो ऐकला की ठरलेली चाल बदलायची. बाकीचे समोरच्यांना फसवण्यासाठी. मध्यंतरात प्रशिक्षकांनी खरा रंग निळ्याचा हिरवा केला होता. व्हर्न ओरडला, "निळा!" आणि त्यानं चेंडू डावीकडे फेकला. चेंडू झेलणारा क्लीव्हन प्रुएट आधी ठरलेल्या चालीप्रमाणे उजवीकडे धावला होता. चेंडू विरोधकांना मिळाला, सामना गेला.

"प्रुएट रंग विसरला," व्हर्ननं प्रशिक्षकांना सांगितलं. मंगळवारी प्रुएटला संघातून काढलं.

शेवटी एका रविवारी व्हर्न लिहिलेले कागद घेऊन प्रुएटकडे गेला. प्रुएट घरासमोर मक्याची कणसं सोलत बसला होता.

"तू? रस्ता चुकलास की काय?"

"एक वाचून दाखवायचंय."

"वाच. हात कामात आहेत, कान मोकळे आहेत."

व्हर्ननं वाचलं. शेवटचं वाक्य होतं, 'रंगावरून आमचा गोंधळ झाला.'

प्रुएटचे हात थांबले. "आमचा?"

व्हर्ननं ते वाक्य पुन्हा वाचलं.

"अरे, चूक तुझी होती, हे सगळ्या संघाला माहीत होतं."

"मग कुणी बोललं का नाही?"

"पुढचे सात सामने बाकीच्यांकडे चेंडू कोण फेकणार होतं? तूच ना? तुझ्याशी वाकडं कोण घेईल!"

इतकी वर्षं हे आपण एकट्यानं लपवलं, असं व्हर्नला वाटत आलं होतं. त्यानं पेन्सिल काढली, ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'खरा रंग हिरवा होता. मी विसरलो. वर खोटं बोललो.'

"आता ठीक?"

"पुस्तकाचं मला काय सांगतोस? तुझं पुस्तक वाचणार कोण?" प्रुएटनं हात पँटला पुसले. "माझी बहीण बर्निस दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला भाजलेली टर्की वाढताना विचारते, 'काय रे रंगआंधळ्या, हे वाटाणे कुठल्या रंगाचे?' नातवंडं खिदळतात. बाबा तर तेच खरं मानून गेले." त्यानं फोन लावून व्हर्नच्या हातात दिला. "सांग तिला."

"आत्ता?"

"मग काय, छापून येईपर्यंत थांबू? त्र्याहत्तर वर्षांचा झालोय मी."

पलीकडून आवाज आला, "बोल रे, रंगआंधळ्या!"

"बर्निसबाई," व्हर्न म्हणाला, "तो रंग मी विसरलो होतो. क्लीव्हन नाही."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "कोण बोलतंय?"

व्हर्ननं नाव सांगितलं. आडनावासकट.