अकरा सेकंदांचा इस्माईल

उस्मानचाचांना पुण्याच्या एका साहेबाने फसवले. बोलणी मी केली, पावती मी लिहून घेतली, तरी फसवले. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे कोणी चाचांच्या भोळेपणावर खापर फोडायला नको. चाचा भोळे नव्हते.

पौडच्या बाजारात त्यांचे शिलाईचे दुकान होते. लेंगे, बंड्या, शाळेच्या खाकी चड्ड्या. गिऱ्हाईक घाई करू लागले की ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "बाबा, आमी इमानाचं पंख शिवलंय. त्याचा टाका चुकला तर मानूस आभाळातनं पडतो. तुझा चुकला तर लेंगा पडंल. पन टाका त्योच घालनार, लेंग्याला येगळा न्हाई."

थाप नव्हती ती. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत जुन्या विमानांचे पंख लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेले असत, आणि ते कापड शिवायला शिंपी लागत. चाचा त्या कामावर भरती झाले आणि मागोमाग त्यांनी धाकट्या भावाला, इस्माईलला, विमानांच्या तळावर नेले. चाचा परत आले. इस्माईलची पुढे बर्माकडे बदली झाली, तो आला नाही. त्याच्या लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते.

लढाई संपून तळ मोडला, तेव्हा निघताना एका गोऱ्या अधिकाऱ्याने चाचांना हाताने फिरवायचा एक प्रोजेक्टर आणि फिल्मचे तीन डबे देऊन टाकले. तळावरचे रोजचे काम त्यात होते. विमाने ढकलणारी माणसे, बाँब वाहणारी माणसे, सुया ओवणारे शिंपी. आवाज नव्हता. आवाज चाचांचा.

ईदच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला पिठाची गिरणी बंद झाली की गिरणीतून तार ओढून ते प्रोजेक्टरचा दिवा लावायचे आणि धुतलेल्या चादरीवर चित्र पाडायचे. आम्ही सगळे पिठाच्या वासात मांडी घालून बसायचो. हँडल फिरवता फिरवता चाचा दिसेल त्या माणसाचे नाव सांगायचे. "ह्यो मुथ्थू, मद्रासकडचा, लई खायचा. ह्यो बलबीर. ह्यो मागनं दिसतोय त्यो मी, तवा क्येस हुते." एकही माणूस बिननावाचा जाऊ द्यायचे नाहीत.

पुढच्या जागेवर जैनबचाची असायच्या. इस्माईलची बायको. रिहे गावाहून एसटीने यायच्या. दुसऱ्या डब्यात इस्माईल पंखाचे टोक धरून विमानाबरोबर चालतो, मग मान वळवून आमच्याकडे बघून हसतो. अकरा सेकंद, मी घड्याळ लावून मोजली होती. त्याचा दुसरा फोटो घरात नव्हता. तो आला की चाचांचा हात मंद व्हायचा आणि अकराची वीस व्हायची. चाची एकदा म्हणाल्या, "थांबवा की भाईजान." चाचा म्हणाले, "दिव्याम्होरं थांबवला तर जळंल गं. चालता हाय तवर हाय."

इस्माईल येतो त्याच्या जरासे आधी फिल्म एकदा फाटली होती. चाचांनी ती काळ्या रेशमी दोऱ्याने शिवली. पडद्यावर नागमोडी काळी रेघ सरकायची, खट्ट आवाज व्हायचा आणि इस्माईल यायचा. मी म्हणालो, "चाचा, चिकटवायची ना. शिवण दिसते." ते म्हणाले, "दिसू दे. तळावर गोरा सायब टाके मोजून घ्यायचा. लपवलेला टाका म्हंजी लपवलेलं भोक."

आता माझे. मी भंगारवाला. सायकलवर पत्र्याचे डबे गोळा करण्यापासून सुरुवात केली आणि आज माझे गोदाम आहे. मला वजनात आजवर कोणी फसवलेले नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात हा साहेब भेटला. जुन्या फिल्मा शोधत होता. मीच त्याला पौडला आणला. साहेब म्हणाला, फिल्म कडक झाली आहे, दोन वर्षांत तुकडे पडतील. नवी प्रत काढून महिन्यात दोन्ही परत देतो. चाचींसाठी चाचा तयार झाले. साहेब नुसता शब्द देत होता. मी अडून बसलो, तराजू आणला आणि पावती लिहिली: तीन डबे, वजन चार किलो सहाशे, तेवढेच परत. साहेबाने हसत सही केली.

चार महिन्यांनी डबे आले. तेच डबे; नवी प्रत मागून येते, असा निरोप. मी तोलले. चार किलो सहाशे. छातीवर हात मारून म्हणालो, "बघा चाचा."

ईदच्या दुसऱ्या दिवशी चादरीवर भाताच्या लोंबीवरचा किडा आला. कीड कशी मारावी, त्याची फिल्म. पोरे हसली. चाचा तसेच हँडल फिरवत राहिले. पहिला डबा, दुसरा, तिसरा. शेवटची पट्टी सुटून फडफडेपर्यंत. चाची पदर ओढून समोर बघत बसल्या होत्या. मी गिरणीतल्या तराजूला लाथ घातली, साहेबाला आई-बहिणीवरून शिव्या दिल्या. चाचा म्हणाले, "गप, दगडू. वजन बराबर हाय की. तू काय मोजायचं त्येच इसरलास."

दुसऱ्याच दिवशी मी पुण्यात गेलो. पावतीवरच्या पत्त्यावर तो माणूस कोणाला माहीत नव्हता. चाचा पुढे तीन वर्षे जगले. प्रोजेक्टर पुसून ठेवायचे. मला त्यावरून पुन्हा कधी बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

गेल्या थंडीत गोदामातल्या टीव्हीवर लढाईचा एक कार्यक्रम लागला. पडद्यावरून काळी नागमोडी रेघ सरकली. मी उभा राहिलो. इस्माईल पंख धरून चालत आला. निवेदक म्हणाला, "तळावरील एक मजूर." आणि मान वळायच्या आत चित्र तोडले.

मी रिह्याला जाऊन चाचींना सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "वळला का?"

"न्हाई, चाची."

"मग मला कशाला सांगितलंस?"

साहेब, तुमची सही माझ्याकडे आहे. वजन तुम्ही फेडलेत, त्यावर माझे भांडण नाही. पण त्या माणसाला नाव होते, आणि तो वळून हसला होता. ते हसणे तुम्ही कोणाच्या कपाटात ठेवलेत? रिह्याला या आणि चाचींच्या तोंडावर सांगा.