यमुनेची हजेरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आज मात्र शेवटपर्यंत सांगणार आहे. मध्येच थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात मी इंग्रजी शिकवायचो. शिकवायचो म्हणजे काय? — उतारा फळ्यावर, खालच्या प्रश्नांची उत्तरं शेजारी, आणि पोरांनी दोन्ही घोकायचं. मी स्वतः मॅट्रिक असाच झालो होतो. व्याकरणाचे नियम धडाधड म्हणायचो. पुस्तकाबाहेरचा उतारा समोर आला की घाम फुटायचा. गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक कसं होणार?

यमुना मात्र अर्थ विचारायची. तिचे वडील मारोतीभाऊ तलावात मासे धरायचे; माझ्या शब्दावर त्यांनी पोरीला शाळेत ठेवलं होतं. ती रोज यायची, पुढे बसायची आणि विचारायची. मी तिला दटावून गप्प करायचो. मला तिचा राग यायचा — नाही, खरं सांगायचं तर भीती वाटायची.

मग तपासणीचे साहेब आले. त्यांनी स्वतःच्या पिशवीतून वेगळंच पुस्तक काढलं आणि यमुनेला उतारा वाचायला दिला. तिने नीट वाचला. अर्थ विचारल्यावर म्हणाली, "गुरुजी अर्थ नाई सांगत, पाठ करून घेतेत." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी म्हणालो, ही पोरगी शाळेत येतच नाही, कुठंतरी हिंडत असते.

हजेरी साहेबांनी पाहिलीच नाही. पण दाराशी मारोतीभाऊ उभे होते. साहेब आले की त्यांच्या जेवणाचे मासे मारोतीभाऊंनी पोचवायचे, हा गावचा रिवाज. त्यांनी सगळं ऐकलं. यमुना काहीतरी सांगू लागली — पण गुरुजींपुढे पोरीचं कोण ऐकतं? दुपारी तेच मासे मी साहेबांच्या शेजारी बसून खाल्ले. चवीनं खाल्ले.

दुसऱ्या दिवसापासून यमुना आली नाही. तिच्या घरी जाऊन मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी गेलो नाही.

काही दिवसांनी मारोतीभाऊच माझ्या दारी आले, हातात मासे घेऊन. म्हणाले, "तुमी सांगतलं म्हून कळलं, गुरुजी. पोट्टी मले फसवून राह्यली होती."

मी मासे घेतले. बदली होईपर्यंत घेत राहिलो.