तांबटाच्या घरचं कन्यादान

जयसिंग तांबट ठार बहिरा होता. आमच्या उत्तरेकडच्या शहरात, मानिक चौकामागच्या बोळात, चाळीस वर्षं तांब्याची भांडी ठोकता ठोकता त्याचे कान गेले. बायको गेल्यावर ईशानीला त्यानं एकट्यानं वाढवलं, शिकवलं. तिचं स्थळ जमवलं मी, शेजाऱ्यानं. मुलाकडच्यांना बेधडक सांगून टाकलं, "वडील सरकारी नोकरीतून निवृत्त." असली कामं मला छान जमतात.

मुलाची आई अहिल्याबाई घर बघायला आल्या. त्यांनी दोनदा नमस्कार केला तरी जयसिंग भलतीकडेच बघत होता.

"बहिरेपणा घराण्यात आहे का हो? उद्या नातवंडांना आला म्हणजे?"

ईशानी पांढरीफटक पडली. पण तोवर जयसिंगचं लक्ष बाईंच्या ओठांकडे गेलं होतं. त्यावरून तो बोलणं ओळखायचा.

"रक्तात नाहीये, बाईजी!" बहिऱ्यांसारखा तो ओरडूनच बोलायचा. "आमचं नावच सांगतं ना. ताम्र म्हणजे तांबं, कुट्ट म्हणजे कुटणारा. ताम्रकुट्टाचा झाला तांबट. जो कुटेल त्याचे कान जाणार, बस! मुलीच्या हातात मी कधी हातोडी दिली नाही. कान एकदम ठीक हैं उसके."

माझं खोटं उघडं पडलं, पण लग्न वाचलं. अहिल्याबाईंनी तोंडावर रुमाल धरला, त्याला ओठ दिसू नयेत म्हणून, आणि अट घातली.

"लग्न होईल. पण आमच्याकडे साहेब लोक येणार. कन्यादानाला हे भांडी ठोकणारे ठठेरे नकोत."

"काय म्हणाल्या?" जयसिंगनं विचारलं.

ईशानीनं क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग ओठ नीट हलवत म्हणाली, "तुमचं कौतुक करतायत, बाबा."

मुहूर्त अकराचा होता. जयसिंगसाठी आम्ही साडेबाराची एक वेगळी पत्रिका छापून घेतली. एकच! लग्नाच्या सकाळी त्याला टहरौली गावच्या पाहुण्यांना आणायला बसस्टँडवर पिटाळलं. कन्यादान मी आणि माझ्या बायकोनं केलं. ईशानीचा हात माझ्या हातात जराही थरथरला नाही. मला तिचा राग आला आणि स्वतःची किळस.

पावणेबाराला जयसिंग आला. ईशानीच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, गुरुजी सामान आवरत होते. खिशातून पत्रिका काढून त्यानं माझ्यापुढे धरली, वेळेवर बोट ठेवलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "भैया, माझं घड्याळ मागे पडलं का?"

मी म्हणालो, "हो."