अर्ध्या गोळीचा वाटा
गुळाच्या ढेपेचा वास आला की आरमोरीतलं माझं औषधाचं दुकान आठवतं. जंगलातल्या गावचे एक म्हातारे दर महिन्याला बायकोला घेऊन यायचे. गोळ्या चालू असूनही त्यांचं बीपी उतरत नव्हतं, आणि बीपी नसलेल्या बाईंना मात्र चक्कर यायला लागली होती. मी विचारलं, "भाऊ, गोळी कशी घेता?" ते म्हणाले, "अर्धी मी खातो, अर्धी हिले देतो. आमच्यात एकटा कोणी खात नाई." मग मी सांगितलं, "गोळी पुरी तुम्हीच खा, बाईले गुळाचा खडा द्या." वहीत त्यांच्या नावापुढे तसंच लिहिलंही. पुढच्या महिन्यात बीपी उतरलं, चक्करही थांबली. आता तीच गोळी मला लागते. मी पाण्याचा पेला उचलला की बायको समोर बसून हात पुढे करते, गुळासाठी.