उजवीकडून उघडणारं पुस्तक

वेलिंग्टनच्या विमानतळाबाहेर पाऊल ठेवताच वाऱ्याने माझी टोपी उडवली आणि माझ्या नातीने, इराने, ती धावत जाऊन पकडली. “कशी आहेस गं?” विचारलं तर म्हणाली, “गुड, आजोबा! हाऊ वॉज द फ्लाइट?” लेकीने आधीच बजावलं होतं, “बाबा, तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं.” म्हटलं, परत जाण्याआधी हिच्या तोंडून एक तरी अख्खं मराठी वाक्य ऐकायचंच!

वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावी, लेकीच्या घरी, पुरणपोळीची लाच देऊन पाहिली. “यम!” डेअरीत (कोपऱ्यावरच्या दुकानात) आइस्क्रीम झालं. “थँक्स हीप्स!” पालथ्या घड्यावर पाणी.

एका शनिवारी आम्ही दोघं ट्रेनने वेलिंग्टनला गेलो. तिथल्या एका पुस्तकांच्या दुकानात टोकियोच्या एकाच प्रकाशनाचं कपाट भरलेलं होतं: विणकामाची पुस्तकं, पाककृतींची मासिकं, मांगा (जपानी चित्रकथा). एक अंक तर आपल्या दोन दिवाळी अंकांएवढा जाड! जन्मभर दिवाळी अंकांवर पोसलेला मी हरखूनच गेलो.

“किया ओरा!” दुकानातल्या बाईंनी तिथला माओरी नमस्कार केला आणि इंग्रजीत म्हणाल्या, “हा दर आठवड्याला निघतो.”

“आमचा वर्षातून एकदा निघतो, तरी संपादकांना धाप लागते,” मी म्हणालो. बाई मनापासून हसल्या.

इराने एका मांजराची, इंग्रजीत आणलेली मांगा घेतली. परतीच्या ट्रेनमध्ये मी ती उघडली आणि ऐटीत मराठी करून वाचू लागलो. “मांजर घरी आलं. सगळ्यांना आनंद झाला. मग ते हरवलं...”

“नो, आजोबा!”

“मध्ये बोलू नये. मग ते लहान पिल्लू झालं...”

“आजोबा, तुम्ही उलटं वाचताय! आधी मांजर हरवतं, मग घरी येतं!”

समोरच्या बाकावरचे लोक वळून पाहू लागले. जपानी पुस्तक उजवीकडून सुरू होतं, हे मला कुठे ठाऊक! पण मला फजितीची लाज वाटायला सवडच नव्हती; पोरगी अख्खं मराठी बोलली होती! मी तिला तिथेच मिठी मारली. त्यानंतर मी रोज मुद्दाम चुकीच्या बाजूने वाचायचो आणि ती मराठीतून माझी हजेरी घ्यायची.

निघताना विमानतळावर सवयीने म्हणालो, “येतो गं, बाळा.”

“आजोबा, उलटं! येत नाही, तुम्ही जाताय.”

“आपल्याकडे निरोप शेवटच्या पानापासून वाचतात,” मी म्हणालो.

तिने क्षणभर विचार केला. “स्वीट ॲज,” (तिकडचं ‘झक्कास’) म्हणाली आणि ती मांगा माझ्या पिशवीत कोंबली. “मग लवकर या.”

आता पुण्यात ते पुस्तक माझ्या दिवाळी अंकांशेजारी असतं. मी अजूनही ते डावीकडूनच उघडतो. पहिल्याच पानावर मांजर घरी आलेलं असतं.